उकिरड्याची दैना

बारा वर्षांनीं उकिरड्याचीही दैना फिटते, अशी आपल्या भाषेंत एक म्हण आहे. बहुधा कोणा अभाग्याला धीर देण्यासाठीं ती वापरली जाते. तिच्यांतल्या उकिरड्याकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. पण म्हण करणारानें नेमका उकिरडाच कां निवडला, याचा क्षणभर विचार केला तर असें दिसून येईल कीं, तो शेतकरी असला पाहिजे. घरांतली सर्वांत टाकाऊ वस्तू जेथें जाऊन पडते, तेंच ठिकाण एके दिवशीं खणलें जातें, गाडींत भरलें जातें आणि मानानें शेतांत जातें, हें त्याला पक्कें ठाऊक होतें. उकिरड्याचें दैव पालटतें तें चमत्कारानें नव्हे, कुजण्याच्या साध्या नियमानें पालटतें.

हल्लीं सुशिक्षित कुटुंबांत निसर्गाला धरून राहण्याची सदिच्छा वाढूं लागली आहे. माठ, तांब्याचें भांडें, कापडी पिशवी, घाण्याचें तेल, हातसडीचा तांदूळ या वस्तू पुन्हां घरांत येत आहेत, आणि त्यांचें स्वागतच केलें पाहिजे. परंतु या साऱ्या गोष्टी घरांत येणाऱ्या आहेत. घराला जसें पुढचें दार असतें तसें मागचेंही असतें. आणि गृहस्थाचें निसर्गाशीं असलेलें खरें नातें या मागच्या दाराशींच कळतें. घरांतून काय बाहेर गेलें, कोठें गेलें आणि कोणाच्या हातानें गेलें, या तीन प्रश्नांचा इतिहास आपल्याकडे क्वचितच कोणी लिहितो. राजांच्या स्वाऱ्या, तह आणि वंशावळी यांपुढें तो हीन वाटतो. तथापि गेल्या दीडशें वर्षांत आपल्या घराची जी घडण बदलली, तिचा उलगडा या मागच्या दारानें होतो तसा पुढच्या दारानें होत नाहीं, असें वाटल्यावरून हा लेख लिहावयास घेतला आहे.

प्रथम जुन्या घराकडे पाहूं. प्रस्तुत लेखकाचें आजोळ कोंकणांत होतें. तेथें मोरीचें पाणी वाया म्हणून जात नसे. तें पन्हळीनें परसांत जाई, आणि त्यावर अळू व केळी पोसत. भाजीचीं देंठें व उष्टें गोठ्यांत जाई. चुलींतील राख भांडीं घासण्यास व उरलेली माडाच्या आळ्यांत. लुगडें विरलें कीं त्याची गोधडी होई, गोधडी फाटली कीं पायपुसणें, आणि तेंही संपलें कीं त्याच्या चिंध्या मातींत मिसळून जात. 'टाकून देणें' या शब्दाला त्या घरांत फारसा अर्थच नव्हता. हें कोणी तत्त्वज्ञान म्हणून करीत नव्हतें. वस्तू थोड्या होत्या, त्या जवळच्याच मातींतून निघालेल्या होत्या, आणि म्हणून मातीला त्या परत घेतां येत होत्या, इतकेंच.

मात्र येथेंच थांबून गतकाळाची आरती ओवाळणें हें इतिहासाला शोभणारें नव्हे. जुन्या व्यवस्थेंत दोन मोठीं वैगुण्यें होतीं. पहिलें शेतीचें. देशावर जेथें सरपण दुर्मिळ, तेथें शेणाचा मोठा भाग गोवऱ्या होऊन चुलींत जाई; म्हणजे जमिनीचा घास अग्नीच्या मुखीं पडे. उरलेला उकिरडा उघड्यावर असे. वैशाखांत त्याचें सत्त्व उन्हानें उडे, आषाढांत तें पाण्याबरोबर वाहून जाई, आणि मधल्या दिवसांत माश्यांचें राज्य असे. शेतकऱ्याला खताची किंमत कळत होती, पण खत करण्याची विद्या अर्धवटच होती.

दुसरें वैगुण्य याहून भयंकर, आणि त्याचा उच्चार करतांना मान खालीं घालावी लागते. शहरांतील जुन्या वाड्यांना शेतखान्याच्या पाठीशीं एक बोळ असे. त्या बोळांतून मेहतर येई, मैला टोपलींत घेई आणि डोक्यावरून नेई. वाड्यांतील माणसांना तो दिसूं नये अशीच ती रचना होती. ज्यानें घर शुद्ध राखावयाचें त्याचा स्पर्श मात्र अशुद्ध, हा न्याय धर्माच्या नांवानें चालत होता. तेव्हां जुनें घर निसर्गाशीं सलोख्यानें राहत होतें हें जितकें खरें आहे, तितकेंच तें माणसाशीं वैर धरून राहत होतें हेंही खरें आहे. या दोन गोष्टींपैकीं एकच सांगणारा इतिहास अर्धा होय.

एकोणिसाव्या शतकांत शहरें फुगूं लागलीं आणि जगभर हा प्रश्न पेटला. जर्मन रसायनज्ञ लीबिग यानें १८४० साली आपला कृषि-रसायनशास्त्राचा ग्रंथ प्रसिद्ध करून, वनस्पति मातींतून कोणतीं द्रव्यें घेते हें लोकांपुढें मांडलें. शहरें खेड्यांतून धान्य घेतात आणि त्यांतील द्रव्यें नदींत सोडून देतात, हा तोटा पुढें त्यालाही डाचूं लागला. इंग्लंडांत हेन्री मूल नांवाच्या एका पाद्र्यानें १८६० साली मातीच्या शौचकूपाचें पेटंट घेतलें. मैल्यावर कोरडी माती टाकली कीं दुर्गंधि राहत नाहीं व कांहीं काळानें तो मातींत मिळून जातो, हें त्याला अनुभवानें कळलें होतें. कांहीं वर्षें माती आणि पाणी यांची चुरस चालली. शेवटीं पाणी जिंकलें. नळ आला, त्याच्यामागून गटार आलें. यामुळें रोगराई हटली, लाखों जीव वांचले, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. पण त्या दिवसापासून घर आणि शेत यांच्यांतील देणेंघेणें तुटलें. पुढें १९१३ साली जर्मनींत हवेंतील नत्र बांधून त्याचें खत करण्याचा कारखाना सुरू झाला, आणि मातीला घराच्या उकिरड्याची गरजच उरली नाहीं असें शहाण्यासुरत्यांना वाटूं लागलें.

मुंबईचें उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचें आहे. ज्यांचें शेत नाहीं, परस नाहीं, गोठा नाहीं, अशा लाखों लोकांच्या घराचा उकिरडा शहराबाहेर नेऊन ओतणें हाच तेथें उपाय ठरला. १९२७ पासून देवनारला कचरा पडूं लागला. गांवच्या उकिरड्याची दैना बारा वर्षांनीं फिटत असे. या उकिरड्याला बारा वर्षांची अनेक आवर्तनें होऊन गेलीं तरी त्याचा फक्त डोंगर होत गेला. कारण उघड होतें. त्यांत कुजणारें आणि न कुजणारें एकत्र झालें होतें, आणि त्याला खणून नेणारा शेतकरीच नव्हता.

अशा वेळीं कुजण्याच्या विद्येला शास्त्राचें रूप देण्याचें काम जेथें झालें, तें ठिकाण मराठी वाचकांना परकें नाहीं. होळकरांच्या इंदुरांत १९२४ साली एक वनस्पति-संशोधन संस्था निघाली. तिचे प्रमुख आल्बर्ट हॉवर्ड हे १९०५ पासून बिहारांतील पुसा येथें काम करून आलेले होते. हिंदी शेतकऱ्याला शिकवावयास आलेला हा विद्वान त्याचाच शिष्य बनला. शेतकरी आणि पिकांवरची कीड हेच आपले गुरु, असें तो सांगत असे. अमेरिकन मृत्तिकाशास्त्रज्ञ किंग यानें चीन, कोरिया व जपान येथील शेतीवर लिहिलेला ग्रंथ १९११ साली निघाला होता; चाळीस शतकें तीच जमीन कसूनही ती निकस कां झाली नाहीं, याचें उत्तर किंगला तेथील घराघरांतून शेतांत परत जाणाऱ्या खतांत सांपडलें होतें. हॉवर्डनें तें मनावर घेतलें. त्याच्या जोडीला रसायनशास्त्राच्या बाजूनें यशवंत वाड हे होते, आणि १९३१ साली या दोघांच्या नांवानें शेतींतील टाकाऊ पदार्थांच्या उपयोगावर एक पुस्तक प्रसिद्ध झालें. 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर जिचें नांव झालें ती हीच. हॉवर्डचें नांव पुढें यूरोप-अमेरिकेंत सर्वतोमुखीं झालें. वाडांचें नांव मात्र आपल्याही ओठांवर राहिलें नाहीं.

ती पद्धत फार सोपी आहे, आणि तिच्यांत गृहिणीनें समजून घेण्याजोगें पुष्कळ आहे. पालापाचोळा, काड्या, गवत यांचा एक थर. त्यावर शेणाचा थर. त्यावर गोमूत्रानें भिजलेली माती आणि थोडी राख. असे थर रचून ढीग ओला ठेवावयाचा, पण चिंब होऊं द्यावयाचा नाहीं. कांहीं दिवसांतच ढीग आंतून इतका तापतो कीं हात घालवत नाहीं. त्या उष्णतेनें तणाचें बीं व रोगांचे जंतु मरतात. ढीग ठराविक अंतरानें तीन वेळां परतावयाचा, म्हणजे हवा आंत जाते. आणि सुमारें तीन महिन्यांनीं काळेंभोर, भुसभुशीत, मातीच्या वासाचें खत तयार होतें. यांतलें मर्म असें कीं, कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांना कर्ब आणि नत्र हीं दोन्ही लागतात, आणि तीं सुमारें तीसास एक या प्रमाणांत असलीं तर काम झपाट्यानें होतें. वाळलेल्या पानांत कर्ब फार. शेणांत व भाजीच्या ओल्या देंठांत नत्र अधिक. एकटें कोरडें कुजत नाहीं. एकटें ओलें सडतें. दोहोंचा मेळ पडला, हवा मिळाली, तरच त्याचें खत होतें. संतुलन हा शब्द आपण हल्लीं फार सैलपणें वापरतों. येथें त्याला मोजतां येण्याजोगा अर्थ आहे.

या विद्येचें गांठोडें घेऊन खेड्यांत शिरणारा माणूसही लवकरच भेटला. गांधीजींचा या विषयाशीं परिचय जुना होता. १९०४ साली दरबानजवळ फिनिक्स येथें आणि १९१० साली टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनीं ज्या वसाहती केल्या, तेथें मेहतर नव्हता. मैला खड्ड्यांत पुरून वर माती टाकण्याचें काम रहिवाशांनींच करावयाचें होतें. डॉ. पूर या इंग्रज वैद्याचा असा सिद्धान्त होता कीं, मैला नऊ ते बारा इंचांहून खोल पुरूं नये; कारण मातीच्या वरच्या थरांतच जीवसृष्टि दाट असते आणि तीच त्याचें सोनें करते. तो गांधीजींना पूर्ण पटला होता. १९३४ च्या डिसेंबरांत वर्ध्याच्या मगनवाडींत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. १९३५ साली गांधीजी इंदुरास गेले असतां त्यांनीं हॉवर्डच्या संस्थेंतील खताचे ढीग स्वतः पाहिले, आणि त्याच वर्षीं 'हरिजन' पत्रांतून ती कृति वाचकांना समजावून दिली. एका राजकीय पुढाऱ्याच्या पत्रांत शेणाच्या थरांची मापें छापून यावींत, ही गोष्ट त्या काळीं पुष्कळांना चमत्कारिक वाटली असेल.

त्याच सुमारास वर्ध्याजवळच्या सिंदी गांवीं मगनवाडींतील मंडळी बादल्या व फावडीं घेऊन सकाळीं जात आणि रस्त्यांवरील घाण उचलीत. गांवकरी मात्र बहुतेक तटस्थपणें पाहत राहिले. ही हकीकत ज्यांना खेडें म्हणजे स्वर्ग वाटतो त्यांनीं विसरूं नये. ३० एप्रिल १९३६ रोजीं गांधीजी स्वतः शेगांवीं राहावयास गेले. त्यालाच पुढें सेवाग्राम हें नांव मिळालें. तेथील पहिलें घर बांधतांना, खर्च पांचशें रुपयांवर जाऊं नये, सामान जवळपासचें व मजूर गांवचेच असावेत, अशी त्यांची अट होती. माती, लाकूड आणि बांबू यांचें तें घर आजही पाहावयास मिळतें, आणि पाहणारा त्याच्या साधेपणानें भारावून जातो. परंतु त्याच वर्षाच्या पावसाळ्यांत गांधीजी हिवतापानें आजारी पडून वर्ध्याच्या इस्पितळांत गेले, हेंही सांगितलें पाहिजे. मातीच्या भिंतींनीं आरोग्य येत नाहीं. साचलेलें पाणी वाहतें करावें लागतें, उकिरडा झांकावा लागतो, रोज हात घाण करावे लागतात. निसर्ग आपण होऊन कोणाचें घर राखीत नाहीं.

हात घाण करण्याचा प्रश्न आला कीं कोंकणांतील एका पुरुषाचें स्मरण होणें अपरिहार्य आहे. सीताराम पुरुषोत्तम उर्फ अप्पासाहेब पटवर्धन हे १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगांत होते. तुरुंगांतही मैला काढण्याचें काम जातीवरून दिलें जाई. अप्पासाहेबांनीं तें काम आपल्यास द्यावें अशी मागणी केली. ब्राह्मण कैद्याला तें देतां येत नाहीं, असें अधिकाऱ्यांनीं ठरविलें, तेव्हां त्यांनीं अन्न कमी केलें. ही वार्ता येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींना कळली आणि ३ डिसेंबर १९३२ रोजीं त्यांनींही सहानुभूतीचा उपवास आरंभिला. सरकारनें विचार करण्याचें आश्वासन दिल्यावर दुसऱ्या दिवशीं तो सुटला. लोकांनीं हक्कांसाठीं उपवास केल्याचीं उदाहरणें इतिहासांत पुष्कळ आहेत. मैला उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून उपवास केल्याचें उदाहरण विरळाच. अप्पासाहेब तेथें थांबले नाहींत. कणकवलीस १९४८ साली त्यांनीं गोपुरी आश्रम काढला, आणि ज्यांत मैला हातानें उपसावा लागणार नाहीं, त्याचें आपोआप खत होईल, असे संडास करण्यांत पुढील आयुष्य वेंचलें. जातीचा प्रश्न आणि खताचा प्रश्न हे दोन नसून एकच आहेत, हें त्यांनीं ओळखलें होतें. जोंपर्यंत मैला ही घाण आहे तोंपर्यंत ती उचलणारा हीन ठरणार. ती संपत्ति झाली आणि ज्याची त्यानें सांभाळली, म्हणजे हीनत्वाचें कारणच उरत नाहीं.

परंतु या विचाराची दुसरी बाजू डॉ. आंबेडकरांनीं १९४५ साली आपल्या ग्रंथांतून परखडपणें मांडली. झाडूकाम हें थोर सेवाकार्य आहे असें त्या कामाला जखडलेल्यांनाच सांगणें म्हणजे त्यांची क्रूर थट्टा होय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्यानें तें काम आपण होऊन पत्करलें त्याला त्याचा गौरव वाटेल. ज्याच्या कपाळीं तें जन्मानें मारलें गेलें त्याला त्यांतून सुटकाच हवी. ही टीका आश्रमांतील शुद्ध हेतूनें खोटी ठरत नाहीं. या कामगारांच्या राहणीची चौकशी करण्यासाठीं मुंबई सरकारनें १९४९ साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. तिचा अहवाल १९५२ साली आला. हातानें मैला उचलण्याच्या प्रथेला बंदी करणारा कायदा होण्यास १९९३ साल उजाडलें, आणि तोही पुरेसा न ठरल्यामुळें २०१३ साली दुसरा करावा लागला. कायद्यामागून कायदा करावा लागतो, यावरूनच मागच्या दाराचा बोळ किती लांब होता हें समजतें.

स्वातंत्र्य मिळालें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मीराबेन यांच्या प्रेरणेनें दिल्लीस खतासंबंधीं एक अखिल भारतीय परिषद भरली. फाळणीच्या रक्तपातानें दिल्ली होरपळत असतां कोणी खताचा विचार करावा, हें विचित्र वाटेल. पण देशांत अन्नाची टंचाई होती, आणि माती उपाशी ठेवून माणसांना जेवूं घालतां येत नाहीं हें त्या मंडळींना दिसत होतें. वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांनीं १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या साऱ्याचें अर्थशास्त्र सांगितलेलें आहे. जमिनीखालचा कोळसा, तेल व धातु हा साठा. तो उपसला कीं संपतो आणि त्यासाठीं लढाया होतात. झाडें, गुरें, पाऊस व ऊन हा प्रवाह. तो राखला तर वाहत राहतो. घर साठ्यावर चालवावयाचें कीं प्रवाहावर, हा त्यांचा प्रश्न होता. त्या वेळीं तो साधुसंतांचा प्रश्न वाटला. आतां हवामानाच्या फेरबदलानें तो व्यवहाराचा झाला आहे.

गोवरीचा जुना तंटा, म्हणजे शेण चुलीला द्यावें कीं शेताला द्यावें, हाही याच काळांत मिटण्याच्या वाटेला लागला. मुंबईंत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमांत मैल्यापासून निघणारा वायु १८९७ साली उपयोगांत आणला गेला होता. पुढें १९५० नंतर जशभाई पटेल यांच्या सुटसुटीत गोबर-वायु यंत्राचा प्रसार झाला, आणि खादी-ग्रामोद्योग आयोगानें तें खेडोपाडीं नेलें. बंद टाकींत शेण कुजलें कीं वायु चुलीला मिळतो आणि उरलेला राब शेताला. अग्नि आणि भूमि या दोन्ही देवता एकाच नैवेद्यानें तृप्त होतात. पुण्याच्या 'आरती' या संस्थेनें तर शेणाऐवजीं स्वयंपाकघरांतील खरकट्यावर चालणारी लहान टाकी तयार केली. तिला २००६ साली इंग्लंडांतील अ‍ॅशडेन पारितोषिक मिळालें. तिकडे श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवारानें, दहा गुंठे जमीन आणि घरचा काडीकचरा यांवर एक कुटुंब कसें उभें राहील याचे हिशेब मांडून दाखविले. त्यांच्या 'विपुलाच सृष्टी' या ग्रंथानें शहरांतील अनेक गच्च्यांना हिरवें केलें. गांडुळाचा महिमाही याच ओघांत आपल्याकडे वाढला. तो नवा नव्हे. डार्विननें आपल्या आयुष्याच्या शेवटीं, १८८१ साली, गांडुळांवर एक ग्रंथ लिहून, हा मूक प्राणी दर एकरीं वर्षाकांठीं कांहीं टन माती पोटांतून काढून वर आणतो, असें मापून दाखविलें होतें.

इतकी विद्या हाताशीं असतां २०१६ च्या जानेवारींत देवनारचा डोंगर पेटला. धूर इतका पसरला कीं आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या डोंगराच्या पायथ्याशीं राहणाऱ्या गरिबांच्या मुलांनीं जो धूर छातींत घेतला, तो आपल्याच स्वयंपाकघरांतून निघालेला होता. देंठें, साली आणि शिळा भात प्लास्टिकच्या पिशवींत बांधून आपण दारांत ठेवले होते. तेथें हवेवांचून त्यांचें सडणें झालें, त्यांतून ज्वालाग्राही वायु निघाला, आणि आग लागली तेव्हां ती विझेना. जो वायु टाकींत धरला असतां चूल पेटवितो, तोच मोकाट सुटला तर शहर पेटवितो. त्याच वर्षाच्या एप्रिलांत ओला, सुका व घातक असा कचरा घरांतच निराळा ठेवावा, असे नियम केंद्र सरकारनें केले. पुण्यांत तर त्यापूर्वींच, १९९३ साली, कागद-काच-पत्रा वेंचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत स्थापन होऊन त्या स्त्रियांनीं ओळखपत्रें मिळविलीं होतीं. आणि पुढें त्यांच्याच सहकारी संस्थेनें घरोघर जाऊन कचरा गोळा करण्याचें काम पत्करलें. बोळांतून येणारी व्यक्ति पुढच्या दारानें येऊन घंटा वाजवूं लागली. इतिहासाच्या दृष्टीनें ही गोष्ट लहान नव्हे. पण तिच्या हातीं आपण काय देतों, यावर त्या घंटेचा मान अवलंबून आहे.

येथें थोडें घरचें सांगितल्यास वाचक क्षमा करतील. प्रस्तुत लेखकाचें बिऱ्हाड आतां पुण्यांत तिसऱ्या मजल्यावर आहे. परस नाहीं, गोठा नाहीं. हॉवर्डचें पुस्तक वाचून मोठ्या उत्साहानें सज्जांत एक बादली ठेवली आणि रोजचीं देंठें तींत टाकूं लागलों. आठवड्याभरांत असा वास सुटला कीं शेजारच्या काकूंनीं दार वाजवून विचारलें, "अहो, तुमच्याकडे उंदीर मेला आहे कां?" घरांतून बादलीला निरोप देण्याची मागणी झाली. चूक पुस्तकाची नव्हती. ओलें तेवढें घातलें होतें, कोरडें कांहींच नव्हतें. बादलीला भोकें नव्हतीं. म्हणजे इंदूरच्या ढिगांतलें तत्त्व सोडून फक्त पुण्य घेण्याचा तो प्रयत्न होता. पुढें रस्ता झाडणाऱ्या बाईंना विचारून वाळलेल्या पानांचें एक पोतें वर आणलें. दर ओंजळभर ओल्यावर दोन ओंजळी पानें, तळाला व बाजूंना भोकें, आठवड्यांतून दोनदां परतणें, एवढें केल्यावर वास गेला. तीन महिन्यांनीं जें निघालें तें हातांत घेऊन काकूंना दाखविलें. त्यांनीं तें हुंगलें आणि म्हणाल्या, "आमच्या गांवच्या उकिरड्याला असाच वास यायचा, पावसाच्या आधीं." आतां त्यांच्याही सज्जांत बादली आहे.

एका बादलीनें देवनारचा डोंगर ढळणार नाहीं, हें लेखकाला समजतें. नगरपालिकांनीं व कारखानदारांनीं जें करावयास हवें तें गृहस्थाच्या अंगावर ढकलून मोकळें होणें हाही अन्यायच आहे. न कुजणारी पिशवी करणारानें ती परत घेण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे. तरीपण घराचें म्हणून जें काम आहे तें दुसरा कोणी करूं शकत नाहीं. ओलें आणि कोरडें वेगळें होतें तें घरांतच. एकदां मिसळल्यावर तें वेगळें करण्यासाठीं कोणाच्या तरी बोटांना काचा लागतात. तेव्हां मागच्या दाराचा हा सारा इतिहास दोन गोष्टी सांगतो. मातीपासून घेतलेलें मातीला परत द्यावें, ही एक. आणि तें परत देतांना आपला भार दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवूं नये, ही दुसरी. जुन्या घराला पहिली साधली होती, दुसरी साधली नाहीं. नव्या शहरानें दुसरीचें नांव घेतलें आणि पहिली गमावली. इंदूर, वर्धा आणि कणकवली येथें ज्यांनीं हातांत फावडें घेतलें, त्यांना दोन्ही एकत्र हव्या होत्या.

उकिरड्याची दैना बारा वर्षांनीं फिटते असें म्हण सांगते. नीट थर लावले, हवा दिली आणि वेळच्या वेळीं परतलें, तर तीन महिने पुरतात.